न चावणारा जोडा

गेली दोन वर्षं परशुरामला कुठलाच जोडा चावला नव्हता. ठाण्याच्या कचेरीतले बाकीचे कारकून नवा जोडा घेतला की आठवडाभर लंगडत, टाचेवर एरंडेल चोळत, घराजवळ आल्यावर तर जोडा हातात घेऊन चालत. परशुराम पहिल्या दिवसापासून ताठ चाले. कुणी विचारलं तर म्हणे, "दामाजीकडचा आहे. पाय ओळखून करतात तिथं." ह्या गोष्टीचा त्याला थोडा अभिमानच होता. म्हणून त्या सकाळी तळ्यापलीकडच्या दामाजीच्या दुकानात त्याच्या मुलाने, दगडूने, परशुरामचा जुना जोडा उचलून सवयीने आत बोटं घातली आणि चटकन बाहेर काढली, तेव्हा परशुरामला वाटलं, आत विंचू असेल. दगडूच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. त्याने तो धोतराला पुसला, जोडा उजेडाकडे कलता केला आणि बराच वेळ आत बघत राहिला. तळातून एक खिळा वर आला होता, अंगठ्याच्या बुडाशी, चांगला नखभर. त्याच्याभोवतीचं कातडं काळं पडून कडक झालं होतं.

"रावसाहेब, पाय बगू," दगडू म्हणाला.

परशुरामने उजवा पाय उचलून दुसऱ्या मांडीवर घेतला. तळव्यावर, अंगठ्याखालच्या मऊ जागी एक भोक होतं. कडा पांढऱ्या, फुगलेल्या. आत लाल. कुणी गवंड्याने भिंतीत खुंटीसाठी पाडावं तसं नेमकं भोक. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि वाट बघत राहिला. आता दिसलं म्हणजे आता दुखेल, असं त्याला वाटलं होतं. पाय तसाच राहिला. दुकानासमोरून मिठाच्या गोण्या घातलेली एक गाडी गेली, बैलाच्या गळ्यातली घंटा लांबपर्यंत ऐकू येत होती.

"किती दीस झालं ह्याला?"

"कशाला?" परशुराम म्हणाला.

दगडूने जोडा खाली ठेवला. पन्नाशीचा माणूस, कानावर पांढरे केस, हातांना चिंचोक्याच्या खळीचा वास. त्याचा बाप दामाजी पेशवाईत जन्मलेला असं लोक सांगत; दुकान अजून त्याच्याच नावाने ओळखलं जाई, आणि ठाण्या-कल्याणच्या घरांतून तीन पिढ्यांचे पाय तिथं मापले गेले होते. परशुरामचे वडील त्याला कल्याणहून मुद्दाम इथं घेऊन येत. दामाजी एका फळीवर चाळलेली राख पसरायचा. वडील तिच्यावर पाऊल ठेवायचे, उचलायचे, आणि दामाजी त्या उमटलेल्या पावलाभोवती काडीने रेघ मारायचा. कुणी कुणाला शिवायचं नाही. घरी गेल्यावर नव्या जोड्यावर पाणी शिंपडून मगच तो उंबऱ्याशी यायचा. दगडूनेही ती राखेची फळी ठेवली होती, आणि कचेरीतली मंडळी आली की तो ती न सांगता पुढे सरकवी. आजही ती फळी मांडलेली होती. पुढच्या आठवड्यात कलेक्टरसाहेबांची फिरती निघायची होती, मुरबाड, शहापूर, तिथून वर. दीड-दोन महिने तंबूत राहायचं आणि गावोगाव चालायचं. त्यासाठी परशुरामला चांगला, मऊ, टिकाऊ जोडा हवा होता. एवढंच काम होतं. दगडूने फळी बाजूला सारली, पुढे वाकला आणि परशुरामचा पाय आपल्या दोन्ही हातांत धरला.

दोघांच्याही ते लक्षात आलं. परशुरामने पाय मागे घेतला नाही, कारण पाय धरलेला आहे हे त्याला फक्त दिसत होतं. दगडूचा अंगठा जखमेच्या कडेने फिरत होता, टाचेपर्यंत जात होता, परत येत होता. ते सगळं समोरच्या ओट्यावर चाललेलं असावं तसं तो बघत होता.

"चुका-खिळं नाय मारायचं ह्या जोड्याला," दगडू शेवटी म्हणाला. "एकबी नाय. सगळा शिवून देतो. आतनं मेंढीचं कातडं लावतो. पंजा रुंद ठेवतो. आठ दिसांनी या."

"फिरतीच्या आधी हवा."

"देतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "रोज उजेडात तळपाय बगत जावा, रावसाहेब. पाय आता सांगायचा नाय. डोळ्यानं इचारायचं."

त्याने जुन्या जोड्यातला खिळा उपटला, जागा ठोकून सपाट केली, आत चिंधीची घडी घातली आणि जोडा परशुरामच्या पायापुढे ठेवला. दगडूने रोगाचं नाव घेतलं नाही. परशुरामनेही विचारलं नाही. तो उठला आणि तळ्याच्या कडेने कचेरीकडे चालायला लागला.

चालताना त्याने प्रथमच स्वतःच्या चालण्याकडे लक्ष दिलं. डावा पाय जमिनीला लागल्याचं कळत होतं, खडा कळत होता, ओल कळत होती. उजवा पाय नुसता पुढे जात होता. गुडघ्याला धक्का बसला की समजायचं, पाऊल पडलं. हे कधीपासून? तो आठवू लागला, आणि आठवायला काही कष्ट पडले नाहीत. सगळं जवळच रचून ठेवलेलं होतं. गेल्या वैशाखात कौपिनेश्वराच्या आवारात भर दुपारी सगळे फरशीवरून पाय उचलत पळत होते आणि तो सावकाश चालत गेला होता. कुणीतरी म्हणालं होतं, परशुरामपंतांना ऊन लागत नाही. तो हसला होता. त्याआधी एकदा अंघोळीच्या वेळी त्याच्या बायकोने, सुमतीने ओतलेलं कढत पाणी पायावर पडलं होतं, ती किंचाळली होती, आणि त्याने म्हटलं होतं, फार नाही गं लागलं. दुसऱ्या दिवशी वितीएवढा फोड होता. आणि मांडीवरचा तो फिकट डाग. तीन वर्षं तो त्याला शिबं म्हणत होता. धोतर नेसताना तो त्या बाजूला बघत नसे. म्हणजे तिथं काय आहे हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक नसलेल्या जागेकडे माणूस मुद्दाम बघायचं टाळत नाही. महारोग हा शब्द त्याने मनात उच्चारून पाहिला. कचेरीच्या कागदांत तो कितीदा लिहिला होता, चांगल्या वळणदार अक्षरात. शब्दाने काही झालं नाही. तळ्यात म्हशी डुंबत होत्या. घंटा झाली, तो आत गेला आणि बसून नकला उतरवू लागला.

दुपारपर्यंत त्याने सात पानं उतरवली, एकही खाडाखोड न करता. सरकारी डॉक्टरकडे जाता आलं असतं. पण डॉक्टर कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर रोज संध्याकाळी पत्ते खेळायला जात. वैद्याकडे गेलं तर वैद्याची बायको पाण्यावर येते. तो हे सगळं एखाद्या दुसऱ्याच कारकुनाचं प्रकरण असावं तसं मांडत होता. मग लेखणी बुडवताना त्याला मनूआत्या आठवली, आणि लेखणी दौतीतच राहिली.

मनुबाई, त्याच्या वडिलांची बहीण. विधवा होऊन कल्याणला भावाकडे आलेली. परशुरामची आई सतत आजारी, म्हणून त्याला आत्यानेच वाढवलं. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा तिच्या करंगळ्या वाकायला लागल्या. भाकरी थापताना तिचे हात भाजत आणि तिला कळत नसे. मग तिचं पान परसात पडू लागलं. मग एक दिवस वडील म्हणाले, मनूला तीर्थाला जायचंय, परशा पोचवून येईल. नाशिकपर्यंत आगगाडीने गेले दोघं. स्टेशनाबाहेर गाडीवाल्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि बैल वळवून घेतले. म्हणून ते चालत निघाले. ऊन होतं, फुफाटा होता. आत्या पुढे, तो चार पावलं मागे. त्याच्या पायात दामाजीकडचा नवा जोडा होता आणि तो चावत होता. त्या चावण्याची त्याला अजून आठवण होती, डाव्या टाचेवर, प्रत्येक पावलाला. आत्या अनवाणी. थोडं चालल्यावर त्याला दिसलं की धुळीत तिच्या उजव्या पावलाचा ठसा उमटतो त्यात मधोमध एक लाल ठिपका आहे. पुढच्या ठशातही. त्याच्याही पुढच्या. तिला ठाऊक नव्हतं. ती सोमवारच्या उपासाबद्दल काहीतरी बोलत होती. तो ते ठिपके बघत मागून चालत राहिला आणि त्याने तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं. पाय बघावा लागला असता. हातात घ्यावा लागला असता.

वाटेत एका झाडाखाली जोडे-वहाणा घेऊन एक जण बसला होता. आत्या थांबली.

"परशा, मला एक जोड घेशील का रे? पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही बघ."

"आत्या, बायकांनी कधी जोडा घातलाय? लोक काय म्हणतील?"

आत्या हसली. तिला मोकळं हसायची सवय होती. "आता आणखी काय म्हणायचे राहिलेत लोक?" ती म्हणाली. मग तीच पुढे चालू लागली. नदीकाठच्या एका धर्मशाळेच्या पडवीत, जिथं तसलीच माणसं बसलेली होती, तिथं त्याने तिचं गाठोडं ठेवलं. शिवरात्रीला येतो म्हणाला. गेला नाही. वर्षभराने तिथल्या उपाध्यायाचं पत्र आलं, वडिलांनी अंघोळ केली, आणि घरात तिचं नाव निघेनासं झालं. त्याने स्वतःशीसुद्धा ते काढलं नव्हतं. एकोणीस वर्षं. आता ते निघालं होतं आणि त्याला वाटत होतं की काहीतरी व्हायला हवं, छातीत, घशात. लोकांना होतं म्हणतात तसं काहीतरी. दौतीतली लेखणी त्याने बाहेर काढली. शाई झटकली. आठवं पान सुरू केलं.

ते आठ दिवस तो जेवला, झोपला, कचेरीत गेला. सकाळी कुणी बघत नाही असं पाहून परसात उजेडाकडे तळपाय धरी. भोक तिथंच असे. सुमती आतून हाक मारी आणि तो पाय खाली ठेवी. एकदा त्याने बाभळीचा काटा घेऊन पोटरीपासून खाली टोचत यायचं ठरवलं, कुठवर कळतं ते बघायला. काटा हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने काटा कुंपणापलीकडे टाकून दिला.

रविवारी कचेरी बंद. सकाळी तो दामाजीच्या दुकानात गेला तेव्हा जोडा तयार होता. साधा, बदामी रंगाचा, टोक न वळवलेला. पंजा इतका रुंद की एखाद्या शेतकऱ्याचा वाटावा. दगडूने त्याच्यासमोर आत हात घालून बोटं सगळीकडून फिरवली, मग परशुरामला म्हणाला, "तुमीबी घाला हात." परशुरामने हात घातला. आत मेंढीचं कातडं होतं, मऊ, किंचित गार. त्याच्या बोटांना ते कळलं. बोटांना अजून सगळं कळत होतं. तो हात तिथंच ठेवून उभा राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

दगडूने स्वतःच जोडा त्याच्या पायात चढवला. "चला आता. त्या खांबापतोर."

परशुराम खांबापर्यंत गेला आणि परत आला.

"कसा वाटतो?" असं विचारायची दगडूची रीत होती, बाप विचारायचा तसं. आज त्याने विचारलं नाही. तो खाली वाकून, डोळे बारीक करून पाऊल कसं पडतं ते बघत होता. "आणिक एकदा," तो म्हणाला. मग, "टाच उचलती." त्याने जोडा काढून घेतला, टाचेशी आतून कातड्याची एक पट्टी चिकटवली, परत चढवला. परशुराम पुन्हा चालला. असं चार वेळा झालं. शेवटी दगडूने मान हलवली. "बसला. आता कुटं घासत नाय."

"तुला कसं कळतं?" परशुरामने विचारलं. आठ दिवसांत त्याने कुणाला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

दगडू आरीला मेण लावत होता. "आमच्या आयला व्हतं," तो म्हणाला. "आवडाबाई. तुमी पायली नसंल, मागं ऱ्हायची ती. अकरा वर्सं तिला जोडं करून दिलं मी. दर चार म्हयन्यांनी पाय बदलायचा तिचा, मग जोडा बदलायचा. बाईमानूस जोडा घालून बाजारातनं फिरती म्हनून लोकं हसायची. माज्या बापालाबी नाय आवडलं. पर ती चालायची. मरायच्या आदल्या दिसापतोर खाडीवर जाऊन यायची, मासळी घेऊन." त्याने धागा दाताने तोडला. "हसनारी लोकं काय चपला घेऊन देत व्हती तिला?"

एक म्हातारी बाई बदामी जोडा घालून, हातात मासळी घेऊन खाडीवरून येते आहे, हे परशुरामला लख्ख दिसलं. दगडू त्याच्याकडे बघत नव्हता. त्याने हे काही कुणाला ऐकवायला म्हणून सांगितलेलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं होतं. "बरं केलंस," परशुराम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच लांबून आला. दगडूने जुना जोडा कागदात गुंडाळायला घेतला, तेव्हा तो म्हणाला, नको, राहू दे, आणि नवाच पायात ठेवून घरी निघाला.

घरी सुमती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. दुपारचं ऊन तिच्या सुपात पडलं होतं. तो उंबऱ्याशी थांबला. नव्या जोड्यावर पाणी शिंपडायचं राहिलं होतं. तिने तांब्याकडे हात नेला नाही. ती जोड्याकडे बघत होती. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"रुंद केलाय," ती म्हणाली.

"हो. फिरतीसाठी. सोपा पडतो." तो तिथंच उभा राहिला. बोलायचं ठरवून आला नव्हता; दामाजीच्या दुकानापासून घरापर्यंत त्याने काहीच ठरवलं नव्हतं. "माझ्या पायाला..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द मिळेना. कचेरीतला तो शब्द इथं, तांदळासमोर, म्हणता येईना. "सुमती, माझा पाय..."

"मला ठाऊक आहे."

एक चिमणी सुपाशी आली, दाणा घेऊन गेली.

"गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उटणं लावत होते. माझ्या बांगडीची पिचलेली कड तुमच्या उजव्या घोट्याला लागली, रक्त आलं. तुम्ही गप्पा मारत होतात. कल्याणच्या कसल्याशा दाव्याबद्दल सांगत होतात." तिचा आवाज रोजच्यासारखा होता, भाजी काय करू विचारताना असतो तसा. "मी मग मुद्दाम दुसऱ्यांदा लावली. तरी तुम्ही बोलतच होतात."

"वर्ष झालं."

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुम्हाला माहीत नसेल तर माझ्या तोंडून कळू नये असं वाटलं, आणि माहीत असेल तर..." तिने खांदे उडवले. "मंदाला मी आईकडे ठेवलीय ती त्याचसाठी."

मंदाकिनी, त्यांची सहा वर्षांची मुलगी, शिवरात्रीपासून कल्याणला आजोळी होती. आधी म्हणे आजीला बरं नाही, मग म्हणे आंबे संपल्यावर येईल, मग पावसात खाडीचं वारं बाधतं. दर वेळी काहीतरी कारण होतं आणि दर वेळी ते त्याला पटलं होतं. दर रविवारी तिला भेटायला जाऊ असं तो म्हणे आणि सुमती म्हणे पुढच्या रविवारी. दहा महिने. त्याने एकदाही विचारलं नव्हतं की मुलगी घरी का येत नाही.

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"आईला एवढंच सांगितलंय, मला इथं काम आहे."

"आणि तू?" तो म्हणाला. "तू का नाही गेलीस?"

सुमतीने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्या प्रश्नाचा राग आला, एवढं त्याला दिसलं. राग आला आणि गेला. "मी गेले असते तर तुमचं पाणी कुणी कोमट करून बघितलं असतं?" ती म्हणाली. "वर्षभर रोज हात घालून बघते मी. तेही लक्षात नाही आलं ना तुमच्या?"

नव्हतं आलं. त्याने पाणी अंगावर घेतलं होतं आणि पूजेला बसला होता. तो पडवीत खाली बसला, जोड्यासकट. सोवळ्या-ओवळ्याचं दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. पुढे तो त्या हिवाळ्यात फिरतीवर गेला, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वर्षी हातांवर दिसायला लागलं तेव्हा त्याने स्वतःच्याच वळणदार अक्षरात राजीनामा लिहिला, आणि दोघं कोलशेतच्या बाजूला, खाडीजवळ, एका आगरी घराच्या शेजारी दोन खोल्या बांधून राहायला गेली. मंदाचं लग्न तिच्या मामांनी केलं. अक्षता पडताना दोघं तिथं नव्हती. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी पडवीत फक्त ऊन होतं आणि निवडायचे राहिलेले तांदूळ.

सुमतीने त्याच्या उजव्या पायातला जोडा काढला. आत हात घालून बघितला, मग बाजूला नीट ठेवला. तळवा उजेडाकडे वळवून तिने ते भोक पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला नाही, फक्त तिने श्वास नाकाने आत घेतला आणि काही वेळ तो सोडला नाही. आत जाऊन ती कोमट पाणी आणि धुतलेली चिंधी घेऊन आली. जखम धुतली. तो बघत होता. हळद आणि तूप लावलं. तो बघत होता.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"कशाला?"

"मिटा म्हणते ना."

त्याने डोळे मिटले. पापण्यांआड ऊन लाल दिसत होतं. दूर कुठंतरी कोळणींची भांडणं चालली होती. पाय कुठंच नव्हता.

"इथं?" सुमतीने विचारलं.

"नाही."

"इथं?"

"नाही."

बराच वेळ गेला. ती काय करते आहे, हात कुठे आहे, काही कळायला मार्ग नव्हता. तिच्या बांगड्या एकदा किणकिणल्या, त्यावरून ती आहे हे समजलं.

"इथं?"

"नाही."

"आणि इथं?"

घोट्याच्या बरंच वर, पोटरी सुरू होते तिथं, कशाचा तरी भार आला. आधी नुसता भार. मग तो ओला आहे हे कळलं, मग कोमट आहे हे. मग त्या भाराला पाच बोटं आहेत हे.

"हो," परशुराम म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. "तिथं आहे. हात काढू नकोस."

तिने काढला नाही.